नारिंगी टॉवेल

रविवारी दुपारी साडेचार वाजता, मध्यंतर संपवून दोन्ही संघ मैदानात उतरले तेव्हा, दख्खन टूल्स कारखान्याच्या फुटबॉल संघाचा कर्णधार त्रिविक्रम चालत गेला आणि समोरच्या संघाच्या गोलपुढे जाऊन उभा राहिला.

जागा अगदी त्याचीच होती. पेनल्टी बॉक्सच्या रेषेपासून थोडं पुढं, बरोबर मधोमध. स्टॉपर म्हणून, म्हणजे गोलपुढचा मधला बचावपटू म्हणून, अठरा वर्षं तो याच जागी उभा राहत आला होता. फक्त मैदानाचं टोक चुकलं होतं. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं.

"काय कॅप्टन, आमच्याकडं ट्रान्स्फर घेतली की काय?" अरुळ ओरडला. अरुळ म्हणजे समोरचा स्ट्रायकर. ऑस्टिन टाऊनच्या गल्ल्यांत खेळून वाढलेला, आणि गेली दहा वर्षं त्रिविक्रमच्या बरगड्यांना कोपर लावत आलेला.

स्टँडमध्ये हशा पिकला. त्रिविक्रमची निवृत्ती जाहीर झाली होती. पुढच्या रविवारी निरोपाचा सामना होता. जाता जाता माणूस थोडी गंमत करणारच, असं सगळ्यांना वाटलं. त्रिविक्रमही हसला, अरुळच्या पाठीत थाप मारली आणि वळला.

दुसऱ्या टोकाला गोलमध्ये उभा असलेला त्याच्याच संघाचा गोलकीपर प्राणेश हसला नाही. त्रिविक्रम वळल्यावर आधी एका गोलकडं बघतो, मग दुसऱ्या गोलकडं, आणि मग एकदम प्राणेशच्या नारिंगी जर्सीवर नजर ठेवून सरळ चालायला लागतो, हे त्यानं पाहिलं. तो जवळ आला तेव्हा ओठ हसत होते. डोळे मात्र जर्सीवरून हलत नव्हते. अनोळखी गल्लीत घर शोधणारा माणूस दारावरची पाटी सापडल्यावरही ती पुन्हा एकदा वाचून बघतो, तसे ते डोळे होते.

"अण्णा?" प्राणेश म्हणाला.

"खेळ," त्रिविक्रम म्हणाला आणि पाठ फिरवून उभा राहिला.

प्राणेशची नजर त्या पाठीवर गेली.

ही पाठ त्याला चेहऱ्यापेक्षा जास्त ओळखीची होती. गोलकीपरला आपल्या स्टॉपरचा चेहरा क्वचित दिसतो, दिसते ती पाठच. बारा वर्षं तो या पाठीमागं उभा होता. दोघंही शहरातल्या बनशंकरी भागातले, दोघांच्याही घरी मराठी. मैदानात बाकीचे कन्नडमध्ये नाही तर तमिळमध्ये ओरडायचे. या दोघांनी आपसात दोनच मराठी शब्द ठरवले होते. उंच चेंडू आला की प्राणेश मागून ओरडायचा, "घे!" म्हणजे त्रिविक्रमनं उडी मारून डोक्यानं काढायचा. किंवा "सोड!" म्हणजे त्यानं बाजूला व्हायचं आणि प्राणेशनं पुढं येऊन धरायचा. एकदा अरुळनंच "सोड!" असा आवाज दिला होता. त्रिविक्रम फसला नाही आणि रेफरीनं अरुळला पिवळं कार्ड दाखवलं. "शब्द चोरशील रे," त्रिविक्रम त्याला म्हणाला होता, "आवाज कुठून आणणार? मी आवाज ऐकतो."

सोडायची वेळ कमी यायची. बहुतेक वेळा "घे"च असायचं. सामन्यात आणि सरावात मिळून त्या डोक्यानं किती चेंडू काढले असतील, याचा विचार प्राणेशनं आजवर कधी केला नव्हता. त्या रविवारी घरी जाताना त्यानं तो केला आणि सिग्नलला गाडी बंद पडली. मागचे हॉर्न वाजवत राहिले.

मंगळवारचा सराव संपल्यावर दोघं नेहमीसारखे बनशंकरीच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या छोट्या हॉटेलात, कॉफी प्यायला गेले. एक कॉफी दोघांत, बाय-टू. प्राणेशनं पेला हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"रविवारी गंमत नव्हती ती, अण्णा."

"गंमतच होती रे."

"तू माझी जर्सी शोधत होतास."

त्रिविक्रमनं कॉफीचा घोट घेतला. शेजारी दोन कॉलेजच्या मुली वड्यांवर सांबार ओतून घेत होत्या. त्यांच्यापैकी एकीनं त्याला ओळखलं, मैत्रिणीला कोपरानं ढोसलं. त्यानं तिच्याकडं बघून मान हलवली. मग हलक्या आवाजात बोलायला लागला.

"आतून बाहेर आलो. समोर दोन गोल. दोन्ही सारखेच. आता आपला कुठला ते कळेना. आठवेना असं नाही, कळेचना. भिंतीला दार कुठंय ते अंधारात कळत नाही ना, तसं. लख्ख ऊन होतं, प्राणेश."

"असं आधी झालंय?"

"मैदानावर पहिल्यांदाच."

"आणि मैदानाबाहेर?"

त्रिविक्रमनं रिकामा पेला ठेवला. गेल्या डिसेंबरात होसकोट्याला झालेल्या सामन्यात त्याचं आणि एका पोराचं डोकं एकमेकांवर आपटलं होतं. तो पाच-सहा सेकंद पडून होता, मग उठून शेवटपर्यंत खेळला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. सगळ्यात जोरात प्राणेशनं.

"आणि निवृत्तीचं कारण म्हणून जाहीर काय केलंस? गुडघा."

"गुडघाही दुखतो."

"उद्याच्या उद्या डॉक्टरकडं चल."

"सोमवारी. सामना झाला की सोमवारी." त्रिविक्रमनं त्याचं मनगट धरलं. पकड नेहमीचीच होती, घट्ट. "आत्ता गेलो तर खेळू देणार नाहीत. अठरा वर्षं खेळलो, मला चालत बाहेर पडायचंय. स्ट्रेचरवर नको आणि कागदावरही नको. एकच सामना. हे फक्त तुला ठाऊक आहे. घरात क्षमालाही नाही. तू कोणाला बोलणार नाहीस."

प्राणेशनं नाही म्हणायला हवं होतं. पण बारा वर्षं याच आवाजानं त्याला पुढं ये, मागं जा सांगितलं होतं आणि एकदाही चुकीचं सांगितलं नव्हतं.

"सरी, ठीक आहे," तो म्हणाला. "पण एक अट. रविवारी एकही चेंडू डोक्यावर नाही. उंच चेंडू आला की मी फक्त 'सोड' म्हणणार. प्रत्येक वेळी. मग काय वाट्टेल ते होवो."

"गोल बसतील."

"बसू देत."

त्रिविक्रम हसला. "बारा वर्षांत पहिल्यांदा तू मला ऑर्डर देतोयस."

"ऐकणार का?"

"तुझा आवाज ऐकतोच की."

पुढचे चार दिवस प्राणेशचे भीतीत गेले. ऑफिसात तो फोनवर डोक्याच्या माराबद्दल काहीतरी वाचायला घ्यायचा आणि दुसऱ्याच ओळीला बंद करायचा. त्यात सगळीकडं पुढचा एखादा साधा मार किती महागात पडू शकतो, हेच लिहिलं होतं. जेवताना त्याला डोळ्यांसमोर चेंडू यायचा, ओला, जड, वरून खाली येणारा, आणि त्याखाली ती पाठ. दोनदा त्यानं क्षमावहिनींचा नंबर काढला. दोनदा ठेवून दिला.

रविवारी तो इतरांच्या आधी मैदानावर पोचला. घरून त्यानं नारिंगी रंगाचा मोठा टॉवेल आणला होता. गोलकीपर हात पुसायला टॉवेल ठेवतातच, त्यामुळं कोणी काही विचारलं नाही. टॉस होऊन बाजू ठरताच तो त्यानं आपल्या गोलच्या जाळीला बाहेरच्या बाजूनं असा बांधला, की मैदानाच्या कुठल्याही कोपऱ्यातून दिसावा.

त्रिविक्रम टॉस जिंकून परत आला तेव्हा त्याची नजर टॉवेलवर गेली. तो थांबला. मग जवळ येऊन त्यानं टॉवेलचं टोक हलकेच ओढून बघितलं, गाठ पक्की आहे का ते.

"घरातला चांगला टॉवेल दिसतोय," तो म्हणाला. "बायको मारेल."

"मारू दे."

स्टँडमध्ये पहिल्या रांगेत त्रिविक्रमची बायको क्षमा होती. शेजारी त्यांची मुलगी मनस्विनी, बापाच्या नावाचा बोर्ड धरून. क्षमा अगदी ताठ बसली होती. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर.

पहिला उंच चेंडू दहाव्या मिनिटाला आला. डावीकडून, झक्क वळत. "सोड!" प्राणेश ओरडला. त्रिविक्रमचे पाय जमिनीवरून सुटले होते. हवेतच त्यानं मान खाली घातली, खांदा वळवला, आणि चेंडू त्याच्या केसांवरून गेला. प्राणेशनं पुढं झेपावून दोन्ही मुठींनी तो लांब हाणला. खाली पडल्यापडल्या त्यानं आधी त्रिविक्रमकडं बघितलं.

"काय कॅप्टन," अरुळ म्हणाला, "फोटो काढायचेत म्हणून केस विस्कटू देत नाही का?"

"तू तरी आज आंघोळ करून आलायस," त्रिविक्रम म्हणाला. "म्हटलं आपणही नीट राहावं."

पेनल्टीवर दख्खन टूल्सला गोल मिळाला. एक-शून्य. पण अरुळ काही खुळा नव्हता. तिसऱ्या चेंडूपर्यंत त्याच्या ध्यानात आलं, की आज हा माणूस उडी मारत नाही. त्यानं आपल्या पोरांना खूण केली, वरून टाका. मग वरूनच यायला लागले. "सोड!" "सोड!" प्राणेशचा घसा बसला. दरवेळी ती पाठ आधी ताठ व्हायची, उठायची, आणि मग कुणीतरी दोरी ओढल्यासारखी खाली यायची. लाइनीवरून प्रशिक्षक सुनीलकुमार ओरडत होते, "काय चाललंय तुमचं दोघांचं? हेड कर! हेड!"

मध्यंतरात प्राणेशनं टॉवेल सोडून दुसऱ्या गोलला बांधला. बाहेर येताना तो मुद्दाम त्रिविक्रमच्या बरोबरीनं चालला. त्रिविक्रमनं मान वर केली, टॉवेल शोधला, आणि त्या दिशेनं वळला. काही बोलला नाही. पण जाता जाता प्राणेशच्या हातमोज्यावर त्यानं दोन बोटं टेकवली.

सामना संपायला थोडाच वेळ असताना कॉर्नर मिळाला, अरुळच्या संघाला. प्राणेशसमोर आठ-नऊ माणसं दाटली होती, त्याला पुढं येता येणार नव्हतं. चेंडू वर चढला आणि उतरायला लागला, थेट त्रिविक्रमच्या कपाळावर. अठरा वर्षांतला सगळ्यात सोपा हेडर. "घे" म्हटलं तर सामना खिशात, निरोप गोड, उद्याच्या पेपरात फोटो. त्रिविक्रमची मान किंचित मागं वळली. तो आवाजाची वाट बघत होता.

"सोड!"

तो बाजूला झाला. मागून आलेल्या अरुळनं डोकं लावलं आणि चेंडू जाळीत गेला.

एक-एक. तिथंच सामना संपला.

"सोड म्हणून कोण बोंबललं?" सुनीलकुमार धावत आत आले.

"मी, सर."

"तू? तू येत होतास का? एक पाऊल तरी टाकलंस का? त्या माणसाच्या शेवटच्या सामन्याची माती केलीस रे!"

प्राणेश खाली मान घालून ऐकत होता आणि आतून इतका हलका झाला होता, की त्याला हसू येईल अशी भीती वाटली. संपलं होतं. एकही चेंडू लागला नव्हता. उद्या सोमवार.

लगेच सत्काराची खुर्ची मैदानाच्या कडेला मांडली गेली. त्रिविक्रमच्या खांद्यावर शाल आली, मांडीवर फळांची परडी आली आणि डोक्यावर म्हैसुरी पेटा, म्हणजे जरीची बांधीव पगडी, चढला. पेटा ठेवणारे कारखान्याचे साहेब तो नीट बसावा म्हणून वरून दाबत होते. तेवढ्यानंही प्राणेशच्या अंगावर काटा आला. त्रिविक्रम कन्नडमध्ये बोलला, थोडकं आणि चांगलं. सगळ्या प्रशिक्षकांची नावं घेतली, मैदानाला पाणी मारणाऱ्या माणसाचंही घेतलं. अरुळला म्हणाला, तुझ्या कोपराची आठवण माझ्या बरगड्या ठेवतील. लोक हसले. एकही नाव चुकलं नाही, आणि प्राणेशनं मनात म्हटलं, उगाच घाबरलो आपण. मग त्रिविक्रमनं दंडावरची कर्णधाराची पट्टी काढली आणि प्राणेशच्या दंडावर चढवली. टाळ्या झाल्या, फोटो झाले.

गर्दी पांगायला लागली. त्रिविक्रमनं पेटा उतरवून खुर्चीवर ठेवला, शाल घडी करून त्याच्या शेजारी ठेवली, मोजे वर ओढले आणि तो मैदानात शिरला. मधल्या वर्तुळापर्यंत गेला. तिथं थांबून त्यानं एका टोकाकडं पाहिलं, मग दुसऱ्या. सामना संपल्यावर प्राणेशनं टॉवेल सोडून खांद्यावर टाकला होता. जाळ्या दोन्ही रिकाम्या होत्या.

प्राणेश धावत गेला.

"टॉवेल का काढलास?" त्रिविक्रमनं विचारलं. आवाज हलका होता, चिडलेला नव्हता. "सेकंड हाफला आपला गोल कुठला?"

"अण्णा, सामना संपला."

"चेष्टा नको रे. शिट्टी होईल आता. कुठल्या बाजूला जाऊ, सांग."

लांबून अरुळ हसला. "कॅप्टनला एक्स्ट्रा टाइम हवाय!" आणखी दोघंतिघं हसली. मागच्या रविवारसारखीच.

प्राणेशनं त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. बारा वर्षं पाठ बघितली, आता चेहरा समोर होता आणि त्यात गमतीचा मागमूस नव्हता. घाम सुकला होता. ओठांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. तो खरोखर उत्तराची वाट बघत होता.

"इकडं," प्राणेश म्हणाला आणि स्टँडकडं बोट दाखवलं. "या बाजूला. माझ्याबरोबर चल."

तो आला. निमूट आला.

क्षमा रांगेतून खाली उतरून आधीच कठड्यापाशी येऊन थांबली होती. मनस्विनीला तिनं आइसक्रीम आणायला पिटाळलं होतं.

"वहिनी, मला तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं..."

"डोक्याचं ना?" ती म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "मला ठाऊक आहे. दोन महिने झाले. हे सर्जापूर रोडला माझ्या बहिणीकडं निघाले आणि गाडी रस्त्याच्या कडेला लावून मला फोन केला, मी कुठं जात होतो म्हणून. मला म्हणाले, फक्त तुला सांगतोय. प्राणेशला कळता कामा नये, तो खेळू देणार नाही."

संघाची फिजिओ सौम्या बर्फाची पेटी घेऊन चालली होती. ती थांबली. दोघांकडं बघून तिनं पेटी खाली ठेवली.

"मला मार्चमध्ये सांगितलं," ती म्हणाली. "डोकं दुखतं, डावीकडं बघितलं की अंधारी येते. म्हणाले, हे ठाऊक असलेली तू एकटीच आहेस, कोणाला बोलू नकोस."

कॉर्नरच्या वेळी त्रिविक्रम प्रत्येकाला राखायला समोरच्या संघाचा एकेक माणूस नेमून द्यायचा, आणि दुसऱ्याच्या माणसाकडं बघायचं नाही अशी ताकीद द्यायचा. इथंही त्यानं तेच केलं होतं. तिघांनीही आपापली जागा सोडली नव्हती.

"गाडी कुठाय?" प्राणेशनं विचारलं. दंडावर पट्टी होती. ती त्याला आत्ता जाणवली. "सौम्या, पुढं बस, फोन कर. सगळं सांगायचं. होसकोट्यापासून. काही गाळायचं नाही."

"सोमवारी जायचं ठरलंय ना?" त्रिविक्रम म्हणाला.

"आज," प्राणेश म्हणाला. "सोड आता, अण्णा."

त्रिविक्रमनं मान डोलावली आणि गाडीत बसला.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये प्राणेश नुसत्या मोज्यांवर उभा होता. फरशीवर खिळे वाजतात म्हणून नर्सनं बूट काढायला लावले होते. क्षमा बाकावर बसली होती, मांडीवर पर्स, पर्सवर हात. मनस्विनीला आत्या घरी घेऊन गेली होती. ती जाताना विचारत होती, बाबांनी बोर्ड बघितला का?

डॉक्टर बाहेर आले. वयानं तरुण, डोळ्यांवर झोप. त्यांनी सांगितलं, की स्कॅन झाला आहे, काहीतरी दिसतं आहे, पण ते नवं की जुनं हे मोठ्या डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय बोलता येणार नाही. ते वाटेत आहेत. तोपर्यंत त्यांना जागं ठेवायचं, प्रश्न विचारत राहायचं.

"बोलतात का ते?" क्षमानं विचारलं.

"बोलतात. स्वतःचं नाव बरोबर सांगितलं. तुमचं सांगितलं, मुलीचं सांगितलं. साल बरोबर. शहर बरोबर."

"मग?" प्राणेश म्हणाला.

"सामन्याचा स्कोअर विचारला," डॉक्टर म्हणाले. "एक-शून्यनं पुढं आहोत म्हणाले. आणि नारिंगी जर्सीवाला कुठंय, म्हणून दोनदा विचारलं. ते तुम्हीच का?"

प्राणेश मान हलवून आत गेला आणि नारिंगी जर्सीतच त्रिविक्रमला प्रश्न विचारत बसला. रात्री आठपर्यंत मोठे डॉक्टर आलेले नव्हते.